दुसऱ्या पसंतीचा रकाना



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. आमच्यातल्या एका ताईचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. त्याच्याकडून ऐकून तिनं एक नवीन शब्द आणला होता, 'ऑक्टोबर सरप्राइज'. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते. म्हणून आदल्या ऑक्टोबरात काहीतरी अचानक बाहेर येतं, कुणाची जुनी भानगड, एखादं पत्र, एखादा तह, आणि सगळं फिरतं. फिरतं की नाही देव जाणे, पण तिथले लोक आधीपासूनच अंदाज लावत बसतात की या खेपेला काय निघणार.

हा शब्द तिथे रुळला तो १९८० साली. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी इराणमध्ये अमेरिकेच्या वकिलातीतली माणसं ओलीस धरली होती. शेवटपर्यंत अडकून पडलेले ५२ जण होते. कार्टर तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि परत निवडणुकीला उभे होते. त्यांच्या विरोधातल्या रेगन यांच्या गोटातून सारखं बोललं जायचं, बघा, मतदानाच्या तोंडावर कार्टर ओलिसांना सोडवून आणतील आणि मतं घेऊन जातील. सुटका झालीच नाही. कार्टर हरले. ओलीस सुटले ते २० जानेवारी १९८१ ला, म्हणजे ज्या दिवशी रेगन यांनी शपथ घेतली त्याच दिवशी, ४४४ दिवसांनी. यात मला गंमत वाटते ती वेगळीच. समजा ऑक्टोबरात सुटका झाली असती, तरी लोक म्हणाले असते, हे तर आम्हाला माहीतच होतं, मतांसाठी केलंय. अंदाज आधीच पेरून ठेवला की चांगल्या बातमीचीही चव जाते.

असो. तर ती ताई म्हणाली, "आपल्याकडं राष्ट्रपतीच्या निवडणुकीत कसलं आलंय सरप्राइज? नाव आधीच ठरलेलं असतं. आणि आपल्याला कुठं मत असतं?"

तिचं दुसरं वाक्य खरं आहे. आपल्याला तिथे मत नसतं, आपण निवडून दिलेले आमदार-खासदार मत देतात. पहिलं वाक्यही बहुतेक वेळा खरं असतं. पण एकदा खोटं ठरलं होतं, आणि असं खोटं ठरलं की त्याची आठवण आपल्या पासबुकात आहे. तीच गोष्ट आज सांगते. आपल्या सामुदायिक रेडिओवर चालू राजकारणाचे कार्यक्रम करायला परवानगी नाही हे तुम्हाला माहीत आहे. ही गोष्ट १९६९ सालची आहे, तिच्यातली मुख्य माणसं आता हयात नाहीत, तेव्हा कुणाचा प्रचार होण्याची भीती नाही.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. पदावर असताना राष्ट्रपती जाण्याची ती पहिलीच वेळ. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. आता नवी निवडणूक घ्यायची. दिल्लीत काँग्रेसचं सरकार, इंदिराबाई पंतप्रधान. पण पक्षाची सूत्रं जुन्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांकडे होती आणि त्यांचं नि इंदिराबाईंचं पटत नव्हतं. घरात सून कर्ती झाली पण किल्ल्या अजून सासूच्या कमरेला, असं ते होतं.

जुलैत बंगलोरला पक्षाची बैठक झाली. इंदिराबाईंना जगजीवन राम यांचं नाव हवं होतं. वडीलधाऱ्यांनी लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचं नाव बहुमताने पक्कं केलं. रेड्डींच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मोरारजी देसाई होते, आपले स. का. पाटील होते आणि यशवंतराव चव्हाणही होते. झालं, पंतप्रधानांचा त्यांच्याच पक्षात पराभव झाला. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर इंदिराबाईंना स्वतःची सही करावी लागली. गिरींनी सांगितलं, मी अपक्ष उभा राहतो.

इथून पुढचा एक आठवडा नीट ऐका.

१६ जुलैला इंदिराबाईंनी मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं. मोरारजींनी राजीनामा दिला. १९ जुलै, शनिवार. संध्याकाळी वटहुकूम निघाला, देशातल्या १४ मोठ्या खासगी बँका सरकारच्या झाल्या. ज्यांच्याकडे ५० कोटींच्या वर ठेवी होत्या त्या सगळ्या. रात्री इंदिराबाईंनी आकाशवाणीवरून लोकांना ते सांगितलं. बँक ऑफ महाराष्ट्र, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, युनियन बँक, बँक ऑफ बडोदा, ही नावं तुमच्या पासबुकावर असतील, ती सगळी त्या चौदांतली. वटहुकमावर सही कुणाची? हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, गिरींनी राजीनामा दिला, कारण त्यांना निवडणूक लढवायची होती. त्याच दिवशी माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं, म्हणून वर्तमानपत्रांना एकाच वेळी दोन मथळे सांभाळावे लागले. आणि २१ जुलैला संसदेचं अधिवेशन सुरू होणार होतं. दोन दिवस थांबले असते तर संसदेत रीतसर कायदा मांडता आला असता. थांबले नाहीत.

राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर हंगामी राष्ट्रपती झाले. हे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे विदर्भातल्या ऐकणाऱ्यांना जवळचे.

बँका सरकारच्या झाल्या म्हणून दिल्लीत लोक पंतप्रधानांच्या घरासमोर जमायला लागले. टॅक्सीवाले, रिक्षावाले, छोटे दुकानदार. ज्यांना कधी बँकेच्या दारात उभं केलं नव्हतं ते. मतदान होतं १६ ऑगस्टला. म्हणजे चार आठवडे आधी हा एवढा मोठा निर्णय. अमेरिकेत असता तर त्याला काय नाव दिलं असतं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर काकू मध्येच बोलल्या. "म्हणजे बँक आपल्यासाठी सरकारची केली नाही, खुर्चीसाठी केली?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन मी दोन-चार दिवस त्यावर विचार केला. एक तर, ही कल्पना त्या शनिवारी आकाशातून पडलेली नव्हती. १९६७ सालीच काँग्रेसच्या दहा कलमी कार्यक्रमात बँकांवर सामाजिक नियंत्रण आणायचं ठरलं होतं. बँका लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि कर्ज मात्र मोठ्या कारखानदारांना द्यायच्या, शेतकऱ्याला जवळजवळ नाहीच, ही तक्रार जुनी होती. तेव्हा निर्णय जुना, वेळ मात्र निवडलेली. दोन्ही एकदम खरं असू शकतं. सूनबाईने घरासमोर मोरी बांधून घेतली ती पाहुणे यायच्या आधी चार दिवस. पाहुण्यांसाठी बांधली असेल, पण पाणी तर रोज वाहून जातं ना.

आणि दुसरं म्हणजे, त्या एका रात्रीच्या आश्चर्याने आपल्या दारात बँक आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदाच रद्द केला, मग चार दिवसांत नवा वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर शाखा वाढत गेल्या. १९६९ मध्ये देशात सुमारे आठ हजार शाखा होत्या, त्यांतल्या खेड्यांत पाचातली एकसुद्धा धड नव्हती. १९९० पर्यंत एकूण शाखा साठ हजारांच्या जवळ गेल्या. पण बाईला कर्ज? जमिनीचा सातबारा नवऱ्याच्या नावावर, तारण काही नाही. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला, तेव्हा कुठे तारणाशिवाय, गटाच्या भरवशावर कर्ज द्यायची वाट उघडली. १९६९ आणि १९९२. तेवीस वर्षं. आमचा गट पहिल्यांदा खातं उघडायला गेला तेव्हा एका शाखेत आम्हाला साडेअकरापासून चार वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं, ते वेगळंच. मी काकूंना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग खुर्चीसाठी का होईना, पण केलं ते बरं केलं." त्यांचं मत झालं. माझं अजून निम्मंच झालंय. दोन दिवसांवर संसद असताना वटहुकूम काढणं मला आजही खटकतं.

आता मतदानाकडे येऊ. खरी मजा तिथे आहे.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्ष आपल्या आमदार-खासदारांना व्हिप काढू शकत नाही, आणि मतदान गुप्त असतं. हे नियमात असलं तरी सगळे गृहीत धरतात की माणूस आपल्या पक्षालाच मत देणार. १९६९ मध्ये सर्वांत जास्त मतं काँग्रेसकडे होती. तेव्हा रेड्डी येणार, असं साधं गणित होतं. डावे पक्ष, द्रमुक, अकाली हे गिरींच्या बाजूला. तिसरे उमेदवार होते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे, आणि ते होते आपले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून दिलेले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई घटना समितीत होत्या आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. नियतीचा खेळ बघा, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ मध्ये, चिंतामणराव अर्थमंत्री असताना. आणि १९६९ मध्ये बँकांच्याच वादळात ते दुसऱ्या बाजूला उभे होते.

एकूण उमेदवार किती? १५. त्यांत पां. ना. राजभोज होते, दलित चळवळीतले आपल्याकडचे जुने पुढारी. आणि एक बाई होत्या, गुरचरण कौर. पाच जणांना तर एकही मत पडलं नाही. पुढे १९७४ मध्ये नियम कडक केला, १० सूचक आणि १० अनुमोदक आणल्याशिवाय अर्ज भरता येईना. आज तो आकडा ५० आणि ५० आहे.

आता पसंतीक्रम. हा शब्द ऐकला की बायका डोळे मिटतात, पण सोपं आहे. आपला २० जणींचा गट आहे असं समजा. अध्यक्ष निवडायची आहे. तिघी उभ्या आहेत. प्रत्येक सदस्या चिठ्ठीवर आपल्या आवडीच्या बाईसमोर १ लिहिते, आणि ती नाही आली तर कोण चालेल तिच्यासमोर २ लिहिते. जिंकायला निम्म्याच्या वर, म्हणजे ११ हव्यात. मोजल्यावर निघालं, पहिलीला १०, दुसरीला ६, तिसरीला ४. कुणालाच ११ नाहीत. मग सर्वांत मागची बाद करायची. पण तिच्या ४ चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत. त्या उघडून बघायचं की २ कुणासमोर आहे. समजा ३ दुसरीकडे गेल्या, १ पहिलीकडे. आता पहिलीच्या ११, दुसरीच्या ९. पहिली जिंकली. चारांतल्या तिघी दुसरीच्या बाजूने होत्या तरी पहिलीच जिंकली, कारण तिला फक्त एकीची गरज होती.

ही चार ओळींची गोष्ट नीट लक्षात ठेवा. १९६९ मध्ये हुबेहूब हेच झालं.

फरक एवढाच की तिथे एका मताची किंमत एक नसते. खासदाराच्या मताला तेव्हा ५७६ मोल होतं, आमदाराच्या मताचं मोल त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं. अलीकडे, २०२२ च्या निवडणुकीत, महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताला १७५ मोल होतं.

काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांना शंका होती की इंदिराबाई मनापासून रेड्डींच्या मागे नाहीत. पहिल्या मोजणीत रेड्डी कमी पडले तर? म्हणून ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पुढाऱ्यांना भेटले आणि म्हणाले, तुमची पहिली पसंती देशमुखांना द्या, पण दुसरी आमच्या रेड्डींना द्या. हिशेब म्हणून यात चूक काही नव्हती. आपणही गटात असं म्हणतोच, बाई तू तुझ्या जावेलाच दे, पण २ माझ्यासमोर लिही. पण ही भेट बाहेर आली आणि इंदिराबाईंच्या माणसांना आयतं कारण मिळालं. तुम्ही विरोधकांशी हातमिळवणी करता, मग आम्ही पक्षाच्या शिस्तीत का राहायचं? आणि मतदानाच्या तोंडावर आवाहन झालं, प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं. ज्या रेड्डींच्या अर्जावर पंतप्रधानांची सही, त्यांनाच मत द्या असं म्हणायला पंतप्रधान तयार नाहीत. आधीचं सगळं गणित त्या एका शब्दाने मोडलं. आता कोण कुठे जाणार हे कुणालाच सांगता येईना.

ते चार दिवस दिल्लीत काय अंदाज चालले असतील! मला वाटतं सगळे एकच प्रश्न विचारत होते, गिरी की रेड्डी. १ कुणासमोर. आपणही तेच केलं असतं.

२० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणीच पोचलं नाही. मग खालून एकेक उमेदवार बाद करत गेले. शेवटी चिंतामणराव बाद झाले आणि त्यांच्या मतांतली दुसरी पसंती वाटली गेली. निजलिंगप्पांची खटपट वाया गेली नव्हती. बाद झालेल्यांच्या मतांतून रेड्डींना ९१,८७९ मिळाली आणि गिरींना फक्त १८,५६२. पाचपट! पण गिरींना लागत होती फक्त १६,६५४. ते ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

गिरी जी रेघ ओलांडून गेले, तिच्यापुढे ते १,९०८ ने होते. खासदाराच्या मताच्या हिशेबाने ही तीन-साडेतीन माणसं. आणि एक आकडा कुणी सहसा सांगत नाही, तो मी बेरीज-वजाबाकी करून काढला. १०,८३३ मोलाच्या मतांवर गिरी किंवा रेड्डी यांच्यापैकी कुणापुढेच पसंतीचा आकडा नव्हता. त्या मतपत्रिका शेवटच्या मोजणीत कुठेच गेल्या नाहीत. आपला उमेदवार हरल्यावर कोण चालेल, हे सांगायची संधी हातात होती आणि त्यांनी रकाना रिकामा सोडला.

आमच्या गटात मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा एक जण म्हणाली, "रागानं सोडला असंल." असेल. बाई रागावली की म्हणते, मला दोन्ही नकोत. पण दोघांपैकी एक तर येणारच असतं.

आता त्या निवडणुकीतली सर्वांत वाईट गोष्ट. मतदानाआधी रेड्डींच्या विरोधात एक निनावी पत्रक निघालं. त्यांच्या चारित्र्याबद्दल घाणेरडे आरोप. खाली सही नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. खासदारांना ते टपालाने गेलं, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही वाटलं गेलं. निवडणुकीनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पदावरचे राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्ष द्यायला गेले, याचं कौतुक करायला हवं. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. पत्रकामागे गिरींची संमती होती असं सिद्ध झालं नाही. म्हणजे निवडणूक कायम राहिली. रेड्डी गावी अनंतपूरला शेतीकडे परत गेले. त्या पत्रकाचं उत्तर द्यायला त्यांना मतदानाआधी वेळ मिळाला नाही, आणि मतदानानंतर त्या उत्तराचा उपयोग नव्हता.

हे मी इतकं लांबवून का सांगते, तर माझ्या डोळ्यांसमोर असंच एक झालं आहे आणि त्यात मी गप्प बसले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षपदाची निवड होती. दोघी उभ्या होत्या. त्यांतली एक जण आधीची कोषाध्यक्ष. आदल्या रात्री साडेनऊला सगळ्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरला. या बाईने अंतर्गत कर्जाचं व्याज स्वतः ठेवून घेतलंय, वही बघा म्हणजे कळेल. कुणी पाठवला, नाव नाही. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला पुढे ढकलला. माझ्यापर्यंत आला तेव्हा दहा वाजले होते. वही माझ्याच घरी होती, कारण मी त्या महिन्याचा ताळेबंद लिहीत होते. मी उठून वही उघडली. सगळ्या नोंदी बरोबर होत्या, व्याजाच्या पावत्या लावलेल्या होत्या, बँकेच्या पासबुकाशी रुपयान् रुपया जुळत होता. एका महिन्याचं व्याज उशिरा भरलं होतं, त्याची नोंदही तिथेच होती. बहुधा तेवढ्यावरूनच गोष्ट रचली गेली.

मी काय करायला हवं होतं? सकाळी निवडीच्या आधी वही सगळ्यांसमोर ठेवून वाचायला हवी होती. मी केलं नाही. मला वाटलं, मी समन्वयक आहे, मला मत नाही, मी मध्ये पडले तर म्हणतील ही तिच्या बाजूची. ती ताई चार मतांनी हरली. दुसऱ्या आठवड्यात मी वही बैठकीत वाचली. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. ती बैठकीला आलीच नव्हती. पुढे तिने गटही सोडला. रस्त्यात भेटली की बोलते, पण हिशेबाचं काही विचारलं की विषय बदलते. इतका स्वच्छ हिशेब ठेवणारी बाई आम्हाला परत मिळाली नाही.

निरोप कुणी पाठवला हे आम्ही खूप दिवस शोधत बसलो. आता मला वाटतं तो शोधच चुकीचा होता. तेवढ्या वेळात आम्ही एक नियम करायला हवा होता. तो यंदा केला आहे. निवडीच्या आधी तीन दिवस व्यवहाराची वही, पासबुक आणि पावत्यांची फाईल समाजमंदिरात ठेवायची, कुणीही येऊन बघावी. ज्याला जे विचारायचं ते त्या तीन दिवसांत, तोंडावर, नाव सांगून. आदल्या रात्री आलेल्या निनावी निरोपाला निवडीच्या दिवशी उत्तर द्यायचं ते समन्वयकानेच, वही हातात घेऊन. मत नसलं तरी.

रेड्डींचं पुढे काय झालं असं काकूंनी विचारलंच. काँग्रेस त्याच वर्षी नोव्हेंबरात फुटली. इंदिराबाईंना पक्षातून काढून टाकलं आणि बहुतेक खासदार त्यांच्याच मागे गेले. यशवंतरावही. आठ वर्षांनी, १९७७ मध्ये, मोरारजी पंतप्रधान झाले आणि रेड्डी राष्ट्रपती झाले. बिनविरोध. त्या खेपेला मतदानच झालं नाही.

आमच्या ग्रामसंघाची निवड पुढच्या मंगळवारी आहे. यंदा तिघी उभ्या आहेत आणि बायकांनी ठरवलंय की पसंतीक्रमानेच करू या. चिठ्ठ्या मी कापून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर तीन चित्रं आहेत, कळशी, सूप आणि दिवा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आज्यांनाही कळेल. प्रत्येक चित्राशेजारी आकडा लिहायला रकाना आहे. वही आणि पासबुक शनिवारपासून समाजमंदिरात असेल, सकाळी दहा ते दुपारी एक. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी तो आठवणीने आणा. आणि एक लिहून झालं म्हणून चिठ्ठी घडी घालू नका, दोनही लिहा.